महापुरानंतरची मेहनत

जुलै उजाडला की कोल्हापुरात माणसं फूट आणि इंचात बोलायला लागतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ वर धोका पातळी. हे आकडे इथल्या पोराटोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. सकाळी चहाआधी मोबाईलवर पहिला निरोप येतो बंधाऱ्याच्या पातळीचा आणि दुसरा राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले त्याचा. मग फोनाफोनी. चिखली-आंबेवाडीत पाणी शिरलं का, शिरोळचा रस्ता सुरू आहे का, शिरोलीजवळ हायवेवर पाणी चढलं का. ऑगस्ट २०१९ मध्ये ही पातळी ५५ फुटांच्या पुढं गेली, पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला आणि २००५च्या पुराच्या गोष्टी सांगणारे म्हातारे गप्प झाले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच.

पाणी उतरलं की पंचनामे होतात. पडलेली भिंत, भिजलेलं धान्य, दावणीला मेलेली म्हैस, कुजलेला ऊस. तलाठी येतो, फोटो निघतो, यादी लागते, यादीत नाव नसलं तर मोर्चाही निघतो. हे व्हायलाच हवं, आणि कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्यावरून दरवर्षी होणारा वादही व्हायला हवा. पण पुरानं माणसाच्या आत जे मोडतं त्याची दुरुस्ती कशी करायची, याबद्दल आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. बोलणारे बोलतात ते 'समुपदेशन' एवढं म्हणून थांबतात. माझं म्हणणं असं आहे की या दुरुस्तीची सुरुवात बोलण्यातून नव्हे, शरीरातून होते, आणि शरीराकडं लक्ष द्यायचं कसं हे कोल्हापूरला शिकवायला बाहेरून कुणी यायला नको. ते आपल्याकडं पेठापेठांतल्या तालमींत आहे. फक्त ते आपण पुरुषांसाठी, तेही कुस्तीच्या फडापुरतं राखून ठेवलं आहे.

मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका. नोकरी शिरोळ तालुक्यात झाली, निवृत्तीनंतर घर शिवाजी पेठेत. माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी आता तिकडंच नदीकाठच्या गावात बचत गट चालवते. २०२१चा पूर ओसरल्यावर तिचा फोन आला, "बाई, आमच्या बायकांना जरा योगा शिकवा की." मी गेले. समाजमंदिरात सतरंज्या टाकल्या होत्या, भिंतीवर पुरुषभर उंचीला गाळाची रेघ तशीच होती.

त्या बायका मन बरं करायला आल्या नव्हत्या. कुणाची पाठ धरलेली, कुणाच्या हाताला मुंग्या, कुणाला पायरी चढली की धाप. एकीला जेवण समोर आलं की मळमळायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, कार्डिओग्राम काढला होता, सगळं 'नॉर्मल'. पुराबद्दल कुणीच काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. बाहेर पत्र्यावर दहा मिनिटं सर आली तेव्हा वीसेक बायकांचे खांदे एकदम वर गेले आणि सर थांबल्यावरही ते खाली आले नाहीत. माझं आयुष्य खांदे बघण्यात गेलं आहे. कवायतीत पोरांचे खांदे ताठ करायला मी ओरडत असे. इथं प्रश्न उलटा होता.

त्यातल्या एका आक्कांबद्दल सांगते. साठीच्या आसपासच्या. बोटीतून बाहेर काढलं तेव्हा नातू मांडीवर आणि डाव्या हातात बोटीच्या कडेचा दोर. पाणी उतरलं, घर धुऊन झालं, नातू शाळेला जायला लागला, पण डावी मूठ काही सैल पडेना. भाकरी थापताना, भांडी घासताना हात चालायचा. नुसतं बसलं की बोटं आपोआप आत वळायची. रात्री झोपेत नखं तळव्यात रुतायची, तिथं काळे वण पडले होते. मी विचारलं, झोप लागते का? म्हणाल्या, "पाऊस नसला तर लागती. पाऊस वाजला की जागाच असतो मी. जिना मोजत बसतो." घराला वरचा मजला नुकताच झाला होता, त्याच्या पायऱ्या त्या अंधारात मनातल्या मनात मोजायच्या.

मी काही मानसोपचारतज्ज्ञ नाही. माझ्याकडं जे होतं ते काढलं. मूठ सैल सोडा असं आक्कांना सांगून काही उपयोग नव्हता, म्हणून उलटं सांगितलं : दोन्ही मुठी आणखी घट्ट आवळा, जेवढा जोर आहे तेवढ्या. आता श्वास सोडत सोडत, एकेक बोट उघडा. करंगळीपासून. खांद्यांचंही तसंच, आधी कानापर्यंत वर ओढायचे, मग सोडायचे. जबड्याचंही तेच. त्यानंतर चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. सोडताना भ्रामरीचा गुंजारव. बायकांना हा भाग सगळ्यात आवडला, कारण एकीचा आवाज दुसरीच्या आवाजात मिसळतो आणि आपण काय करतोय ते कुणाला दिसत नाही. शेवटी आडवं पडणं. आणि एक नियम : कुणी कुणाला काही विचारायचं नाही.

बोलणं आलं, पण ते आठवड्यांनंतर, तेही शवासन संपवून उठताना, साडीचा पदर सारखा करता करता. एकीनं सांगितलं की म्हशीचं दावं कापायला विळा शोधत होते आणि तेवढ्यात पोरानं ओढून नेलं. म्हैस ओरडत होती. नवऱ्यालाही तिनं हे सांगितलं नव्हतं, कारण म्हशीची भरपाई मिळाली होती आणि भरपाई मिळालेल्या गोष्टीबद्दल रडायचं कसं? ती रडली. बाकीच्या बसून राहिल्या. कुणी "होतंय असं, जाऊ द्या" म्हणालं नाही, हे मला विशेष वाटलं.

असं का होतं, याची शरीरशास्त्रातली बाजू फार गूढ नाही. घाबरल्यावर शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं : ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पचन थांबतं, झोप उडते. धोका टळला की हे सगळं पूर्वपदावर यायला हवं. पण ज्याला पळताही आलं नाही आणि लढताही आलं नाही, छपरावर बसून तीन रात्री नुसतं पाणी बघावं लागलं, त्याच्या शरीराला धोका टळल्याची खबर नीट पोहोचत नाही. "आता पूर नाही, घाबरू नको" हे वाक्य कानापर्यंत जातं, पोटापर्यंत जात नाही. मनाच्या आज्ञेनं ठोके कमी करता येत नाहीत, घाम थांबवता येत नाही. आपोआप चालणाऱ्या या कारभारात आपल्याला हात घालता येतो तो बहुतेक एकाच ठिकाणी, श्वासात. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. सोडणं लांबवलं की तो मंदपणा लांबतो. एवढंच. यात चक्र, ऊर्जा, कंपनं यांतलं काही आणायची गरज नाही.

याची तपासणी झालेली आहे. २००८ मध्ये कोसी नदीनं बांध फोडला आणि बिहारचे जिल्हेच्या जिल्हे पाण्याखाली गेले. त्यानंतर महिनाभरात पूरग्रस्तांपैकी २२ पुरुषांचे दोन गट केले गेले. एकाला आठवडाभर रोज तासभर योगाभ्यास, दुसऱ्याला काही नाही. योगाच्या गटातलं दुःख कमी झालेलं दिसलं आणि ज्यांना काही दिलं नव्हतं त्यांची चिंता तेवढ्या आठवड्यात वाढली. आता २२ माणसं म्हणजे फार नव्हेत, आणि संशोधक योगसंस्थेतलेच, त्यामुळं हा निष्कर्ष जरा हात राखूनच वाचावा. पण दुसऱ्या गटाकडं मात्र माझं लक्ष जातं. काहीच न केलं तर वेळ जाईल तसं आपोआप बरं होईल, असं आपण धरून चालतो. निदान त्या आठवड्यात तरी तसं झालं नाही.

दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०१४चा. बेसेल व्हॅन डर कोल्क हे मानसोपचारतज्ज्ञ आघातांवर काम करण्यासाठी ओळखले जातात. त्यांनी अशा ६४ स्त्रिया घेतल्या की ज्यांच्यावरचा आघात जुना होता आणि नेहमीच्या उपचारांनी त्यांना उतार पडला नव्हता. अर्ध्या जणींना दहा आठवडे, आठवड्यातून तासभर, सौम्य योगवर्ग. उरलेल्यांना तेवढाच वेळ आरोग्यशिक्षण. शेवटी योगवर्गातल्या ३१ पैकी १६ जणी आघातोत्तर तणावविकाराच्या निकषांत बसेनाशा झाल्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. म्हणजे निम्म्या जणींना उपयोग झाला. ज्या निम्म्यांना झाला नाही त्यांचं काय, हा प्रश्न योगाचे प्रचारक विचारत नाहीत. आपण विचारला पाहिजे.

आता तालमीकडं येते. कोल्हापूरबाहेरच्या वाचकाला तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा एवढंच वाटतं. इथं तालीम म्हणजे पेठेचं घर. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा (पाटाकडील आणि दिलबहार यांच्या सामन्याच्या दिवशी शाहू स्टेडियमकडं वाहन नेऊ नये), महापुरात बोट घेऊन धावणारी पोरंही तिचीच. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभं राहिलं, आणि गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी अशा तालमींत राज्यभरातून आणि सीमेपलीकडून पोरं येऊन राहू लागली. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी झाले ते इथल्याच मातीत तयार होऊन. ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. तालमीच्या आत दिवस कसा जातो, हे कमी जणांनी पाहिलेलं असतं.

पहाटे चारला उठून आधी हौद्यातली माती खोऱ्यानं उकरायची. तांबडी माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू. मग जोर, बैठका. एकमेकांच्या अंगावर माती टाकायची, मग लढायचं. नंतर मालिश, तेही जोडीदाराकडून, आज तू माझे पाय रगड, उद्या मी तुझे. खुराक. मग सक्तीची झोप. पाच-सात वर्षांपूर्वी बाप गेलेलं, घरात कुणी न उरलेलं एखादं पोर तालमीत येतं तेव्हा त्याच्याशी कुणी त्या विषयावर बोलत नाही. पण रोज पहाटे वस्ताद त्याच्या अंगाकडं बघतो. डाव्या गुडघ्यावर भार देत नाहीस, काल झोपला नाहीस, दूध अंगाला लागत नाही. एवढं लक्ष त्याला आयुष्यात आधी कुणी दिलेलं नसतं. हरल्यावर काय करायचं हेही तिथं शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खोरं हातात येतं.

हे मी भक्तिभावानं सांगत नाहीये. तालमीचा दोषही मला माहीत आहे : तिथं शरीराला सगळं मिळतं, शब्दाला जागा नसते. पहिलवान रडत नाही. त्यामुळं गुडघा गेल्यावर, फड संपल्यावर, चाळिशीत दारूच्या गुत्त्यावर बसलेले माजी पहिलवान आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. शरीर सैल झाल्यावर जे वर येतं ते ऐकायला कुणीतरी लागतं. समाजमंदिरात ते बायकांनी एकमेकींसाठी केलं. तालमीत ते अजून व्हायचं आहे.

पण त्या गावचे सरपंच मला काय म्हणाले ते ऐका. चांगला माणूस, पुरात रात्रंदिवस राबलेला. म्हणाले, "मॅडम, आमच्या बायकांना व्यायाम कशाला? दिवसभर शेतात वाकून असत्यात की." हा प्रश्न मला शहरातल्या शिकलेल्या लोकांनीही विचारला आहे, त्यामुळं उत्तर सविस्तर देते. भांगलणीला वाकलेली बाई आणि बैठका मारणारा पहिलवान, दोघांचेही स्नायू दुखतात. फरक असा की पहिलवानाच्या दुखण्यामागं दूध-तूप आहे, मालिश आहे, दुपारची झोप आहे, आणि 'आज बास कर' म्हणणारा वस्ताद आहे. बाईच्या दुखण्यामागं संध्याकाळचा स्वयंपाक आहे. एकीचं शरीर वापरलं जातं, दुसऱ्याचं जोपासलं जातं. राबणाऱ्या बाईला दिवसात एकदाही स्वतःच्या शरीराकडं बघायची सवड नसते. ते दुखायला लागलं तरच त्याची आठवण, आणि तीही मेडिकलमधून गोळी आणण्यापुरती. माझ्या वर्गातल्या बहुतेकींना आडवं पडून दहा मिनिटं काहीही न करणं हे सगळ्यात अवघड आसन वाटलं. "कुणी बघितलं तर काय म्हणतील," ही पहिली प्रतिक्रिया.

बायकांना अशी जागा कधीच नव्हती असं मात्र नाही. जातं होतं. पहाटेचा अंधार, समोर एखादी जाऊ किंवा शेजारीण, हाताला गोल फिरणारी लय आणि तोंडात ओवी. सासरचा जाच, माहेरची ओढ, गेलेलं लेकरू, सगळं तिथं निघायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. मी जात्याचे गोडवे गाणारी नाही. माझ्या आईचे खांदे जात्यानं गेले आणि गिरणी आली त्या दिवशी तिनं देवाला नारळ फोडला. पण गिरणीनं दळण नेलं तेव्हा त्यासोबत बाईची ती एकटीची घटकाही गेली, आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही. २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक छोटा अभ्यास आला होता. लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना किंवा 'ओम मणि पद्मे हुम' म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो, आणि त्या गतीला हृदय आणि रक्तदाब यांची लय जुळून येते, असं त्यात दिसलं. ओवीची कुणी अशी मोजणी केल्याचं मी वाचलेलं नाही. पण ओवी ज्यांनी म्हटली आहे त्यांनी एकदा घड्याळ लावून बघावं. हरिपाठाच्या टाळकऱ्यांनीही.

या गोष्टी प्रयोगशाळेत नेऊन तपासायची रीतही परदेशातूनच आली असं नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं ते आसन-प्राणायामानं शरीरात नेमकं काय घडतं हे क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रं लावून बघण्यासाठी. आणि हे कुवलयानंद त्याआधी कुणाकडं तयार झाले? बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत, माणिकरावांकडं. म्हणजे आखाड्यातच. योग एका बाजूला, तालीम दुसऱ्या बाजूला, हा भेद आपण नंतर केला. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानात शाळाशाळांतून सूर्यनमस्कार सुरू केले. पुढं शाळांत त्याची शिट्टीवरची कवायत झाली, श्वास बाजूला राहिला आणि आकडा उरला. २०१५ पासून २१ जूनला योगदिन असतो. सकाळी मैदानावर सतरंज्या, पाहुण्यांचं भाषण, फोटो. आमच्या भागात त्या तारखेला मृग सरत आलेला असतो, नदी रंग बदलायला लागलेली असते, आणि २२ जूनला सतरंज्या परत कपाटात जातात. नेमकी गरज सुरू होते तेव्हा.

एका धोक्याबद्दल मात्र बजावून सांगायला हवं, कारण हा विषय अलीकडं बाजारात आला आहे. हॉटेलच्या वातानुकूलित हॉलमध्ये दोन दिवसांत 'ट्रॉमा हीलिंग', 'आतलं बालक' वगैरे. फी एका म्हशीच्या महिन्याच्या दुधाएवढी. ढोल वाजवून, दिवे मंद करून लोकांना रडवलं जातं, आणि रडणं म्हणजेच बरं होणं अशी समजूत करून दिली जाते. सोमवारी त्या माणसाचं काय झालं हे बघायला कुणी नसतं. ज्याच्यावर मोठा आघात झाला आहे त्याला डोळे मिटायला लावणं हेसुद्धा सरसकट सुरक्षित नाही. डोळे मिटले की पाणीच दिसतं, असं म्हणणाऱ्या बायका माझ्या वर्गात होत्या. त्यांना आम्ही डोळे उघडे ठेवून, भिंतीला पाठ लावून, दाराजवळ बसवलं. मौनाची दीर्घ शिबिरंही प्रत्येकासाठी नाहीत. हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ विपश्यनेचं केंद्र आहे, तिथला दहा दिवसांचा क्रम अनेकांच्या आयुष्याला वळण देऊन गेला आहे. पण विपश्यनेच्या प्रवेश-अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं, ते उगीच नव्हे. ते खरं भरावं.

आणि काही दुखणी श्वासानं जात नाहीत. जगण्यातच अर्थ नाही असं कुणी म्हणत असेल, जेवणखाण सुटलं असेल, भास होत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं, दुसरा विचार नको. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आमच्या वर्गातल्या एका तरुण सुनेला मी हाताला धरून डॉक्टरांकडं पाठवलं. ती आता गोळ्याही घेते आणि वर्गालाही येते. तिच्या सासूला हे दोन्ही एकदम चालतं हे पटवायला मला जेवढा वेळ लागला तेवढा भ्रामरी शिकवायला लागला नाही.

आक्कांचं काय झालं, असं वाचक विचारतील. मूठ दिवसा सुटली. वण फिके झाले. पावसात झोप अजूनही लागत नाही, पण आता त्या जिना मोजत बसत नाहीत. उठून कोपऱ्यात बसून गुंजारव करतात आणि नातू "आजी, माशी" म्हणून हसतो. यंदा जूनमध्ये त्यांनी कागदपत्रांची पिशवी आणि म्हशीचं दावं कापायचा विळा जिन्याखाली एकाच खिळ्याला टांगून ठेवला. मला ही प्रगती झोपेपेक्षा मोठी वाटते. नुसतं घाबरणाऱ्या माणसाला तयारी सुचत नाही. घाबरलेलं शरीर हाताशी आलं की मग सुचते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं आपत्तीतल्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना २००९ मध्येच काढल्या. जिल्ह्याच्या पूर-आराखड्यात बोटी, लाईफ जॅकेट, निवारा केंद्रं, जनावरांचा चारा यांच्या याद्या दरवर्षी होतात. त्यात करवीर आणि शिरोळच्या नदीकाठच्या गावांसाठी आणखी एक ओळ घाला : मे महिन्यापासून ऑक्टोबरपर्यंत आठवड्यातून तीन वेळा, गावातल्याच जागेत, गावातल्याच शिकवलेल्या बाईकडून तासभराचा वर्ग. आशाताईंच्या माथ्यावर हे टाकू नका, त्यांच्याकडं आधीच पुष्कळ आहे. शारीरिक शिक्षणाचे निवृत्त शिक्षक तालुक्यात कमी नाहीत, त्यांना मानधन द्या आणि काय करायचं नाही ते आधी शिकवा. निवारा केंद्रात पहिल्या दिवसापासून सकाळी हेच घ्या. तिथं माणसांना करायला काही नसतं, मोबाईलवर आपलं बुडालेलं घर बघत बसण्याखेरीज.

दुसरी मागणी तालमींकडं. सकाळची मेहनत आठ-नऊला आटोपते, संध्याकाळची चार-पाचला सुरू होते. मधले सात-आठ तास पेठापेठांतले हे हॉल रिकामे असतात. पुराच्या दिवसांत नदीकाठच्या कितीतरी बायका शहरातल्या नातेवाइकांकडं येऊन राहिलेल्या असतात, आणि पेठांतल्या स्वतःच्या बायकाही काही कमी ओझी वाहत नाहीत. मुली आता कुस्ती खेळतात, मर्दानी खेळात दांडपट्टा फिरवतात, त्यावर टाळ्या वाजतात. मग चाळिशीच्या बाईला तालमीच्या जमिनीवर आडवं पडायला काय हरकत आहे?

हरकत आहे, हे मला माहीत होतं, तरी एका वस्तादांना जाऊन भेटले. मातीत बायका उतरायच्या नाहीत, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं. माती नको, वरचा हॉल द्या, म्हटलं. पंचांना विचारावं लागेल म्हणाले. पंच म्हणाले, मुलं झोपलेली असतात. मी म्हटलं, आम्हीही झोपायलाच येणार आहोत. त्यावर वस्ताद पहिल्यांदा हसले. मंगळवार आणि शुक्रवार मिळाले आहेत, दुपारी दोन ते तीन. हॉलचा एक पंखा बंद आहे, तो त्यांनी दुरुस्त करायचा आणि सतरंज्या आम्ही आणायच्या, असं ठरलं.